रिंग वाजते, मग आवाज का येत नाही? दुबईहून, घरच्यांसाठी

दुबईत नव्याने आलेल्या माणसाच्या घरी पहिल्याच आठवड्यात एक गोंधळ ठरलेला असतो. आई रत्नागिरीहून व्हॉट्सॲपवर फोन लावते. इकडे रिंग वाजते, लेक उचलतो, आणि स्क्रीनवर ‘कनेक्टिंग’ एवढंच फिरत राहतं. आईला वाटतं, हा उचलून बोलत का नाही? मेसेज जातायत, फोटो जातायत, व्हॉइस नोटसुद्धा पोचतेय. बोलणं तेवढं होत नाही. मग दोन्हीकडे राउटर बंद-चालू करण्याचा कार्यक्रम सुरू होतो. त्याचा काही उपयोग होत नाही, कारण नेट दोन्हीकडे ठणठणीत असतं.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट एकच. रिंग आणि आवाज एका वाटेने येत नाहीत. तुम्ही फोन लावता तेव्हा तुमचं ॲप त्याच्या सर्व्हरला कळवतं की अमक्याला बोलवा. हा निरोप मेसेजच्याच वाटेने जातो. समोरचा फोन झोपलेला असेल तर गूगल किंवा ॲपलच्या नोटिफिकेशन व्यवस्थेतून त्याला जागं केलं जातं. उचलल्यावर दोन्ही फोन एकमेकांना आपापला पत्ता कळवतात, आणि आवाज मात्र वेगळी वाट धरतो. जमलं तर थेट या फोनवरून त्या फोनवर, नाही जमलं तर मधल्या एखाद्या सर्व्हरवरून. अमिरातीत अडवली जाते ती ही दुसरी वाट. निरोपाची वाट मोकळी असल्यामुळे रिंग वाजते. व्हॉइस नोट म्हणजे बोलणं नव्हेच, ती फोटोसारखी एक फाइल. म्हणून तीही जाते.

इथल्या दूरसंचार नियामकाचा, म्हणजे टीडीआरएचा, नियम असा की इंटरनेटवरून बोलण्याची सेवा परवानाधारक कंपन्यांमार्फतच चालावी. त्या दोन, ई-ॲण्ड (जुनं नाव एतिसलात) आणि डू. त्यांच्यामार्फत मान्यता मिळालेली ॲप्स चालतात, बाकीच्यांची आवाजाची वाट बंद. स्काइपही इथे २०१७ संपता संपता बंद पडलं. पुढे मे २०२५ मध्ये तर ते जगभरच गुंडाळलं गेलं.

‘मग व्हीपीएन (नेटवर आपण कुठून बोलतोय ते झाकणारी सोय) टाक ना’ असा सल्ला इकडून तिकडून मिळतो. कृपया तो देऊ नका. अमिरातीत व्हीपीएन वापरणं हाच काही गुन्हा नाही, कार्यालयं ते वापरतातच. पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, झाकला, तर सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. घरी दहा मिनिटं बोलण्यासाठी हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही, कारण सरळ पर्याय आहेत.

बोटिम हे इथल्या भारतीयांचं नेहमीचं ॲप. ते दोन्ही बाजूंना असावं लागतं, म्हणून गावी जाल तेव्हाच आईबाबांच्या फोनवर टाकून, ओटीपी घेऊन, एकदा बोलून बघा. फोनवरून समजावत बसलात तर अख्खी संध्याकाळ त्यातच जाईल. ज्यांना नवं ॲप नको त्यांना गूगल मीट बरं, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ते आधीपासूनच असतं. मीटमध्ये एक लिंक तयार करायची, ती व्हॉट्सॲपवर पाठवायची, आणि आईच्या फोनवर तो मेसेज ‘पिन’ करून ठेवायचा. म्हणजे निमंत्रण व्हॉट्सॲपचं, बोलणं मीटचं. इथे एक ठेच हमखास लागते. आत घेण्याचा अधिकार लिंक बनवणाऱ्याकडे असतो, त्यामुळे त्याने आधी आत जायचं. नाहीतर आई बाहेर ताटकळते आणि तुम्ही तिच्या फोनची वाट बघत बसता. फुकटच्या मीटमध्ये दोघांचं बोलणं २४ तास चालू शकतं, तिसरा माणूस आला की मर्यादा ६० मिनिटांची. झूम दोघांनाही ४० मिनिटांनी बाहेर काढतं.

आईबाबा महिनाभर इकडे राहायला येतात तेव्हा आणखी एक कोडं पडतं. त्यांच्या भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सॲपचे कॉल बहुतेक वेळा सुरळीत लागतात, आणि त्याच घरच्या वायफायवर येताच बंद होतात. याचं कारण असं की रोमिंगचा डेटा साधारणपणे आधी भारतातल्या कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर उतरतो. फोन दुबईत असला तरी इंटरनेटच्या हिशेबी तो भारतातच असतो. पॅक महाग पडतो, हा भाग वेगळा.

आता आवाजाकडे. तुम्ही बोलता ते सलग जात नाही. बहुतेक ॲप्स आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकडा ओपससारख्या कोडेकने, म्हणजे आवाज दाबायच्या आणि पुन्हा उलगडायच्या पद्धतीने, लहान केला जातो. हा कोडेक २०१२ साली प्रमाणित झाला, आणि त्याचा अर्धा भाग मुळात स्काइपसाठी बनवलेला होता. म्हणजे स्काइप गेलं तरी त्याचा कारागीर अजून कामावर आहे. मग त्या तुकड्याला क्रमांक आणि पत्ता चिकटवून पाठवलं जातं, आणि पोच मागितली जात नाही. मेसेज हरवला तर पुन्हा पाठवता येतो. बोलताना हरवलेला तुकडा अर्ध्या सेकंदाने आला, तर त्याचं काय लोणचं घालायचं?

तुकडे निघतात ठरावीक अंतराने, पोचतात मात्र रेंगाळत, कधी तीन एकदम, कधी एकही नाही. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये छोटं कोठार असतं. थोडे तुकडे साठवायचे आणि मग एकसारख्या गतीने वाजवायचे. यालाच जिटर बफर म्हणतात. एखादाच तुकडा हरवला तर कोडेक आधीच्या आवाजावरून अंदाजाने तो भरून काढतो, आणि कळतही नाही. लागोपाठ पाच-सहा गेले की तो अंदाज उघडा पडतो आणि आजीचा आवाज यंत्रमानवासारखा येतो. कधी आजी क्षणभर गप्प होते आणि मग भराभर बोलते, तीही याच कोठाराची करणी. साठलेलं बोलणं ते जरा वेगाने वाजवून हातावेगळं करतं. आजी तिकडे नेहमीच्या सावकाश चालीतच बोलत असते.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडता येतो. आवाज २४ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २४ किलोबिटचा, धरा. प्रत्येक तुकड्यावर पत्त्याचे ४० बाइट, गुणिले ५०, म्हणजे आणखी १६ केबीपीएस. एकूण ४०, दोन्ही दिशा मिळून मिनिटाला सुमारे ०.६ एमबी. तासाला ३६. व्हिडिओ ५०० केबीपीएस धरला तर दोन्ही दिशांनी तासाला साधारण ४५० एमबी. घरी दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर तीन तासांत तो संपला. रोज गप्पा, रविवारी व्हिडिओ, असं ठरवलेलं सोयीचं.

दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही ‘हां, तू बोल’ म्हणून थांबतात. हा दोष उशिराचा. मुंबई-दुबई अंतर १,९०० किलोमीटरच्या आसपास, आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचं काम. बाकीचा वेळ तुकडे करणं, वायफाय, टॉवर आणि ते कोठार खातात. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत बोलण्यात अडचण वाटत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन सांगतं. न्यूयॉर्कला राहणाऱ्या भाचीचं गणित वेगळं. तिथे नुसत्या तारेतच शंभरेक मिलिसेकंद जातात, म्हणून तिच्याशी बोलताना वाक्य संपवून थोडं थांबावं.

हो, तारेतच. फोन उपग्रहावरून जातो ही समजूत अजून पक्की आहे, पण मुंबई आणि इथलं फुजैरा ही दोन्ही समुद्राखालच्या केबलची उतरण्याची ठिकाणं आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात, जेद्दाहजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतात आणि अमिरातीत दोन्हीकडे नेट मंदावलं. मुंबई-दुबईची सरळ वाट तिथून जात नाही. पण ज्या ॲपचा सर्व्हर युरोपात, त्याचं बोलणं तिकडे जाऊन परत येतं.

घरच्या बाजूच्या तक्रारी बऱ्याचशा घरातच सुटतात. लोक डाउनलोडचा वेग बघून खूश असतात, पण तुमचा चेहरा आम्हाला दिसतो तो तुमच्या अपलोडवर. स्पीड टेस्टमध्ये तोच आकडा बघा, २ एमबीपीएस स्थिर मिळाला तरी पुरे. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फारसं पलीकडे जात नाही. राउटर माजघरात आणि बोलणं पडवीत असेल तर वायफायच्या यादीतलं २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. वीज जाते तिथे राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. घेण्यापूर्वी राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती ॲम्पिअर लिहिलंय ते वाचा. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही तोच आधार हवा, नाहीतर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि नेट नसतं.

रिंगच वाजत नसेल, फोन उघडल्यावर ‘मिस्ड कॉल’ दिसत असेल, तर ती बिघाडाची दुसरीच जात. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनच ॲपला झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीचं बंधन काढा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करा. युरोप-अमेरिकेतल्या नातेवाइकांशी व्हॉट्सॲपवर बोलताना आवाज सारखा तुटत असेल, तर सेटिंग, प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन ‘प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स’ चालू आहे का बघा. ते चालू असलं की प्रत्येक कॉल थेट न जाता सर्व्हरमार्गे वळसा घेऊन जातो.

आणि आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू आला, तर आपला फोन झटकू नका. तो आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून बाहेर पडून त्याच्याच माइकमध्ये शिरलेला असतो. त्याला स्पीकर बंद करून फोन कानाला लावायला सांगा.