रद्द झालेला कायदा

तालुक्याच्या कोर्टात वकिली करायला लागून मला सहा वर्षं झाली. निम्म्या तारखा वाटपाच्या दाव्यांच्या असतात, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याचं कलम ६ आपल्याला झोपेतही येतं, अशा तोऱ्यात मी होते. एका बुधवारी तो उतरला.

दावा मावशींचा. माझ्या नात्यातल्या नव्हेत, पण शिवणकामामुळे अख्ख्या पेठेच्या त्या मावशी. लग्न १९८६ चं, वडील १९९८ मध्ये गेले, जमीन वडिलोपार्जित आणि सातबाऱ्यावर दोन भावांचीच नावं. माझ्या लेखी प्रकरण सरळ होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगून टाकलेलं.

भावांचे वकील बार रूममधले जुने जाणते. त्यांनी अर्ज ठेवला की दावा इथेच फेटाळा. सोबत केंद्राच्या राजपत्राची प्रिंट. निरसन व सुधारणा अधिनियम, २०१५, तारीख १३ मे. त्याच्या अनुसूचीतल्या एका ओळीवर पिवळा हायलायटर मारलेला: सन २००५, क्रमांक ३९, हिंदू उत्तराधिकार सुधारणा अधिनियम, संपूर्ण रद्द. मग उरला आपल्या राज्याचा १९९४ चा बदल, म्हणजे कलम २९-अ. त्यात २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. मावशींचं लग्न त्याच्या आठ वर्षं आधीचं. मुद्दा एकाला एक असा घट्ट लावलेला. न्यायाधीश साहेब म्हणाले, उद्या से, म्हणजे लेखी उत्तर द्या, उद्याच ऐकतो.

संध्याकाळी ऑफिसात कपाटातला जुना बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुराचं पुस्तक, काढला. त्यात २९-अ ऐटीत छापलेलं. गूगलवर शोधलं तर पहिलाच व्हिडिओ, ‘मुलींचा हक्क गेला!’ असल्या व्हिडिओवाल्यांना एकदा उलटतपासणीला उभं करायला हवं. ई-गॅझेटवर मंत्रालय निवडा, तारीख टाका, असं करत मूळ पीडीएफ काढली. प्रिंट अस्सल होती. मग इंडिया कोड ही कायद्यांची सरकारी साइट उघडली. तिथे कलम ६ मध्ये मुलगी जागच्या जागी. तळटीपही स्वच्छ, हे कलम २००५ च्या ३९ व्या अधिनियमाने ९-९-२००५ पासून बदलून घातलं. म्हणजे एक सरकारी साइट सांगते कायदा रद्द, दुसरी सांगते मुलगी आहे. दोन्ही केंद्र सरकारच्याच.

दहाच्या सुमाराला मावशींचा फोन आला. मी बोलून गेले, “जरा अडचण दिसतेय.” पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि फोन ठेवला. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

शेवटी माझ्या सीनियर वकील सरांना उठवलं. ते चिडलेच. “अनुसूची वाचलीस, तिच्या आधीचं कलम ४ कोण वाचणार? आणि जनरल क्लॉजेस काढ. सहा-अ.” खाट्कन फोन बंद.

जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७. सरकारी मराठीत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम. परीक्षा झाल्यापासून मी तो उघडला नव्हता. कलम ६-अ त्यात १९३६ मध्ये घातलेलं. एखाद्या कायद्याने दुसऱ्या कायद्याच्या मजकुरात काही घातलं, गाळलं किंवा बदललं, आणि पुढे तो बदल करणारा कायदा रद्द झाला, तरी वेगळा हेतू दिसत नसेल तर केलेला बदल तसाच राहतो. २००५ च्या कायद्याचं काम नवं कलम ६ मूळ कायद्यात, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, बसवलं तेव्हाच संपलं होतं. पुढे संसदेने असे काम संपलेले दुरुस्ती कायदे झाडून काढले, त्यात हाही गेला. बदललेलं कलम १९५६ च्या कायद्यात आहे, आणि त्या झाडलोटीत १९५६ च्या कायद्याला कोणी हात लावलेला नाही.

सकाळी प्रिंटरने दगा दिला. पानं निघाली, पण शाई संपत आलेली, नेमकी तळटीप गायब. कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह नेला. त्याने ते पान एवढं मोठं करून दिलं की तळटीपच मथळ्यासारखी दिसायला लागली.

युक्तिवाद दहा मिनिटांत आटोपला. साहेबांनी तळटीपेवर बोट ठेवलं, मग ६-अ दोनदा वाचलं. अर्ज नामंजूर. जुने वकील कागद आवरताना मला म्हणाले, “ते झेरॉक्स एक मलाही द्या हो.” त्यांनी आधी ६-अ वाचलं होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

व्हरांड्यात मावशींना समजावायला लागले. कायदा रद्द, पण बदल कायम, हे वाक्य त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, “म्हणजे कच्चा टाका उसवला. पक्की शिवण घातल्यावर आम्ही तेच करतो की.” सरांना हे संध्याकाळी सांगितलं, तर आदल्या रात्रीचा राग विसरून ते खळखळून हसले.

पुढची तारीख पुराव्याची पडली. मावशींनी ते मोठं केलेलं पान मागून घेतलं, चार घड्या घालून ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवलं. मी म्हटलं, मोबाईलवर पाठवते. नको म्हणाल्या, थोरला भाऊ कागदच वाचतो.