निळ्या बांगड्या

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत परभणीच्या बसस्थानकाबाहेर एक प्रचाररथ रोज संध्याकाळी उभा राहत असे, आणि गाडीची वाट पाहणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच्या पडद्यावरची जाहिरात तीन-चार वेळा तरी पाहावीच लागे. काळ्या मातीचे ढेकूळ मुठीत घेतलेला शेतकरी, पाठोपाठ संचलनाच्या बुटांचा ताल, मग ज्वारीच्या धांड्यांतून धावत येणाऱ्या तीन मुली आणि शेवटी हात जोडलेले उमेदवार. पहिल्या दोन वेळा माझ्याही अंगावर काटा आला, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या वेळी लक्षात आले, की मुलींच्या ओढण्या केशरी, पांढरी आणि हिरवी आहेत आणि पांढऱ्या ओढणीवालीच्या हातात निळ्या बांगड्या आहेत.

बांगड्यांची ही योजना ज्याला सुचली, तो माणूस हुशार खरा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार उमेदवाराने मते मिळवण्यासाठी राष्ट्रध्वज किंवा राजचिन्हाचा वापर करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये दिली होती आणि २०१९ मध्ये तिची आठवण करून दिली. जाहिरातीत मात्र ना ध्वज होता ना सैनिक. दोन्ही पाहणाऱ्याच्या मनात तयार होत होते, आणि मनात उमटलेल्या ध्वजावर कोणते कलम लावणार?

१९७१ ची ‘गरीबी हटाओ’ किंवा २००४ ची ‘इंडिया शायनिंग’ या घोषणांशी तुलना केली, तर फरक दिसतो. त्यांच्यात निदान काहीतरी म्हटलेले होते, आणि मतदाराला ते आपल्या घरच्या चुलीशी ताडून पाहता येत होते. देशप्रेमाच्या जाहिरातीत विधानच नसते, त्यामुळे ते खोटेही ठरत नाही. शिवाय तिच्यावर शंका घेणाऱ्याला आपण देशावरच शंका घेतो आहोत की काय, असे उगाच वाटू लागते. अमेरिकेत १९६४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचारात फुलाच्या पाकळ्या मोजणारी मुलगी आणि पाठोपाठ अणुस्फोट दाखवला होता, त्यात प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचे नावसुद्धा घेतलेले नव्हते. तिथे भीती होती, इथे अभिमान आहे. उरलेले काम पाहणाराच करतो.

आमच्याकडे त्यात मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भर पडते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, तेव्हा या मातीत जन्मलेल्या प्रत्येकाला तो वारसा आपला वाटणे स्वाभाविकच आहे. पण ज्या पत्रकात तो वारसा तीन परिच्छेद सांगितला जातो, त्यात सिंचनाला एक ओळही मिळत नाही, तेव्हा मला राग येतो.

मतदानाच्या आठवडाभर आधी माझ्या शेजारी एक वयस्कर शेतकरी बसले होते. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर असताना त्याहून कितीतरी खाली सोयाबीन विकून आले होते, आणि आडत्याने दिलेली विक्रीची पट्टी अजून त्यांच्या हातातच होती. जाहिरात सुरू झाल्यावर त्यांनी पट्टीची घडी घालून ती बंडीच्या खिशात ठेवली आणि बोटांनी गुडघ्यावर बुटांचा ताल धरला. जिंतूरची गाडी लागेपर्यंत तो चालू होता.