फ्लश टाकीचं पाणी हळूहळू उतरत होतं: गळती शोधून बंद करण्याचा माझा अनुभव

कोणी फ्लश वापरलेला नसताना टाकीत मधूनच सात-आठ सेकंद पाणी भरल्याचा आवाज यायचा आणि थांबायचा. साधारण पाऊण तासानं पुन्हा तेच. फरशी कोरडी, कमोडच्या भांड्यात धार दिसत नाही, बाहेरून कुठं ओल नाही. कमोड जमिनीवर बसवलेला, टाकी त्याच्याच पाठीवर बोल्टनं जोडलेली आणि झाकणावर अर्ध्या-पूर्ण फ्लशची दोन बटणं.

अशा वेळी पहिला संशय जातो पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हवर, कारण आवाज तिथून येतो. बरेच जण तोच बदलून टाकतात आणि चार दिवसांनी आवाज पुन्हा सुरू होतो. खरं तर तो व्हॉल्व्ह त्याचं काम नीट करत असतो: पातळी उतरली की पाण्यावर तरंगणारा फ्लोट खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो, कमी पडलेलं पाणी भरतो आणि बंद होतो. पातळी का उतरली, हा प्रश्न वेगळा. म्हणून एकही सुटा भाग विकत घेण्याआधी मी पाणी कुठून जातंय ते शोधलं.

सुरुवात अँगल कॉकपासून, म्हणजे टाकीचं पाणी चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या तोटीपासून केली. टाकीला येणारं पाणी बंद करून केलेल्या चाचणीलाच अर्थ असतो, आणि जुना अँगल कॉक पूर्ण बंद होतोच असं नाही. तो बंद असूनही आतून थोडं पाणी सोडत असेल, तर गळालेलं पाणी गुपचूप भरलं जातं, पातळी हलत नाही आणि गळती नाहीच असं वाटतं. मी कॉक बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली आणि दहा मिनिटं थांबलो. टाकीत थेंबही वाढला नाही. म्हणजे कॉक भरवशाचा होता. मग तो उघडून टाकी पूर्ण भरू दिली आणि पुन्हा बंद केला.

पातळीची खूण करायला आतली भिंत फडक्यानं कोरडी करून पाण्याच्या रेषेवर इन्सुलेशन टेपची पट्टी लावली, तिची खालची कड बरोबर पाण्याला टेकेल अशी. ओल्या भिंतीवर पेन्सिल नीट उमटत नाही, टेप बरी पडते. अर्ध्या तासानं पाहिलं तर पाणी टेपच्या खाली 1 सेंटीमीटर गेलं होतं. टाकी आतून साधारण 36 सेंटीमीटर लांब आणि 15 सेंटीमीटर रुंद, म्हणजे 540 चौरस सेंटीमीटर. 1 सेंटीमीटर पातळी म्हणजे 540 मिलिलिटर पाणी. अर्ध्या तासाला एवढं, तर दिवसाला जवळपास 26 लिटर. भांड्याच्या मागच्या बाजूनं एवढं पाणी पातळ थरात उतरत असतं, म्हणूनच ते डोळ्याला दिसत नाही. कोरडा टिश्यू पेपर भांड्याच्या आतल्या मागच्या भिंतीला, काठाच्या जरा खाली चिकटवला, तर तो वरून ओला होत खाली येतो. तेवढ्यानंही गळती पकडता येते.

यानंतरचा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. कॉक बंदच ठेवून टाकी रात्रभर तशीच सोडली. पाणी किती वेगानं उतरतं यापेक्षा ते कुठं येऊन थांबतं, ही गोष्ट जास्त सांगून जाते. फ्लश व्हॉल्व्ह म्हणजे फ्लश करताना टाकीतलं पाणी भांड्यात सोडणारा भाग, आणि त्याची बैठक म्हणजे तळाचं गोल तोंड, ज्यावर रिंग टेकून पाणी अडवते. पाणी या बैठकीच्या काठाशी येऊन थांबलं, तर दोष बैठकीवर टेकणाऱ्या रिंगचा. मधेच कुठं तरी थांबलं, तर त्या उंचीवर ओव्हरफ्लो नळीला (जास्तीचं पाणी भांड्यात सोडणाऱ्या उभ्या नळीला) चीर किंवा सैल सांधा आहे. बैठकीच्याही खाली, टाकीच्या तळापर्यंत उतरलं, तर व्हॉल्व्हच्या बुडाखालचा वायसर, टाकीच्या बोल्टचे वायसर किंवा तळाची चीर तपासायची. माझ्या टाकीत सकाळी तळाशी दोनेक सेंटीमीटर पाणी शिल्लक होतं, बरोबर बैठकीच्या काठाला समांतर. म्हणजे रिंगच.

खात्रीसाठी रंगाची चाचणीही केली. टाकी भरली, खाण्याच्या लाल रंगाचे दहा-बारा थेंब टाकले, हलक्या हातानं ढवळलं आणि फ्लश न करता वीस मिनिटं थांबलो. भांड्याच्या मागच्या भिंतीवर एक गुलाबी ओघळ दिसला, केसाएवढा बारीक. याच रंगाचा आणखी एक उपयोग आहे. टाकी बाहेरून ओली वाटत असेल तर पांढऱ्या कागदानं टिपून पाहायचं. कागदावर रंग आला तर गळती, स्वच्छ पाणी आलं तर थंड टाकीवर हवेतली वाफ धरली आहे. हा फरक न तपासता लोक बोल्ट आवळत बसतात आणि टाकीला तडा जातो.

पुढं उघडण्याचं काम. कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी, उरलेलं पाणी स्पंजनं टिपलं. झाकण सरळ वर उचललं आणि घडी केलेल्या टॉवेलवर आडवं ठेवलं. भिंतीला टेकवून उभं ठेवलेलं चिनी मातीचं झाकण घसरलं की गेलंच. मधला दंडगोल, म्हणजे फ्लश व्हॉल्व्हचा वरचा भाग, बहुतेक बनावटींमध्ये घड्याळाच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवला की सुटतो. त्या वेळी खालचं बूड दुसऱ्या हातानं धरून ठेवायचं, नाही तर सगळंच फिरतं आणि बुडाखालचा वायसर हलून नवीच गळती सुरू होते.

दंडगोल उलटा केला तेव्हा कारण हातातच आलं. तळाशी चपटी सिलिकॉनची रिंग होती. तिच्यावर बैठकीच्या काठाचा गोल खोलगट ठसा उमटला होता आणि एका बाजूला, त्या ठशाच्या मधोमध, मोहरीपेक्षा लहान असा क्षाराचा पांढरा कण रुतून बसला होता. बाकीच्या कडेवर काळपट बुळबुळीत थर होता, बोटानं पुसला की निघणारा. बैठकीच्या काठावरून नख फिरवलं तर सगळीकडे गुळगुळीत, फक्त त्या कणासमोर दोन-तीन मिलिमीटर खरखरीत. पाणी तेवढ्याच फटीतून चाललं होतं.

बैठकीवरचा क्षार काढायला व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस काठावर अर्धा तास ठेवला आणि नंतर नायलॉनच्या मऊ घासणीनं घासलं. स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश किंवा सॅंडपेपर इथं अजिबात चालवायचा नाही. प्लॅस्टिकच्या काठावर पडलेला ओरखडा म्हणजे कायमची फट, मग कितीही चांगली रिंग टाका. नख पुन्हा फिरवून कुठंही अडत नाही याची खात्री केली. काठाला खड्डाच पडला असेल, तर रिंग बदलून भागत नाही, पूर्ण फ्लश व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

रिंग निवडताना तीन मापं लागतात: बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी. माझी 63, 32 आणि 3 मिलिमीटर भरली. जुनी रिंग सोबत नेऊन नवी तिच्यावर ठेवून जुळवणं सगळ्यात चांगलं, कारण दोन मिलिमीटरचा फरकही इथं खूप असतो. नवी लगेच मिळत नसेल आणि जुनी दोन्हीकडून सपाट असेल, तर ती धुऊन उलटी बसवून काही दिवस काढता येतात. रिंगला व्हॅसलीन किंवा कुठलंही तेल लावू नये, त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. नुसत्या पाण्यानं ओली करून बसवली तरी पुरतं. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या मी वापरत नाही. त्या चोवीस तास त्याच पाण्यात राहतात आणि रबराचं आयुष्य खातात.

दंडगोल परत बसवताना तो खाचेत अडकल्याचा हलका टक असा आवाज येईपर्यंत फिरवला. टाकी भरली, कॉक बंद केला, टेप लावली. झाकण उघडं ठेवूनच तासभर थांबलो. पाणी टेपच्या कडेवरून हललं नाही.

काम झालं असं वाटून कॉक उघडला, झाकण लावलं, आणि थोड्या वेळानं तोच आवाज. रंग टाकून पाहिला तर भांड्यात पुन्हा गुलाबी ओघळ, आधीपेक्षा फिका. झाकण उघडं असताना गळती नाही आणि लावलं की आहे, म्हणजे दोष टाकीत नव्हता, झाकणात होता. बटणांच्या खाली दोन दांड्या असतात, त्या व्हॉल्व्हच्या वरच्या पट्ट्या दाबतात. जुनी रिंग दबून पातळ झाली होती. नवी रिंग पूर्ण जाडीची असल्यामुळं दंडगोलाची आतली नळी किंचित वर बसली आणि दांड्या पट्टीला कायमच्या टेकायला लागल्या. बटण दाबलेलं नसतानाही व्हॉल्व्ह केसभर उचललेला राहत होता. नवी रिंग टाकूनही गळतं म्हणून रिंगेला दोष दिला जातो, त्यातल्या बऱ्याच वेळा खरं कारण हे असतं.

दांडी आणि पट्टी यांच्यात किती मोकळीक आहे हे झाकण लावल्यावर दिसत नाही. त्यासाठी पट्टीवर, दांडी जिथं टेकते तिथं, मऊ चिकणमातीची वाटाण्याएवढी गोळी ठेवली, झाकण लावलं आणि बटण न दाबता उचललं. गोळी कागदासारखी चपटी झाली होती, म्हणजे मोकळीक शून्य. दांड्यांना आटे असतात, त्या फिरवून दोन्ही थोड्या आखूड केल्या आणि पुन्हा गोळी ठेवून पाहिली. या वेळी तिची जाडी अडीच मिलिमीटर राहिली. दोन ते तीन मिलिमीटर मोकळीक ठीक असते. त्याहून जास्त ठेवली तर बटण पूर्ण दाबूनही व्हॉल्व्ह पुरता उचलला जात नाही आणि अर्धवट फ्लश होतो. गोळी काढून टाकायला विसरू नये, माती टाकीत पडली तर थेट बैठकीवर जाऊन बसते.

बटणाऐवजी बाजूला खटका असलेल्या टाकीत तळाशी बिजागरीवर उघडणारा रबरी फ्लॅपर असतो. तपासायची रीत तीच. तिथं साखळी पाहायची: फ्लॅपर बंद असताना तिला साधारण 12 मिलिमीटर ढील हवी. ताणलेली असेल तर फ्लॅपर पूर्ण टेकत नाही, फार लांब असेल तर तिचीच कडी फ्लॅपरखाली अडकते.

भरणाऱ्या व्हॉल्व्हचा दोष वेगळा ओळखता येतो. त्यात पाणी कमी होत नाही, उलट पातळी चढत जाऊन ओव्हरफ्लो नळीच्या तोंडातून भांड्यात सांडत राहते, आणि आवाज मधूनमधून न येता सतत बारीक सूं असा येतो. टाकी भरल्यावर पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून 25 मिलिमीटर खाली थांबायला हवं. वर जात असेल तर आधी फ्लोट खाली घ्यावा. तरीही थांबत नसेल तर कॉक बंद करून व्हॉल्व्हचं टोपण काढावं, आतली रबरी चकती धुवावी, उघड्या तोंडावर पेला उलटा धरून कॉक क्षणभर उघडावा. अडकलेली रेती निघून जाते. भांड्यात पाणी सोडणारी बारीक नळी ओव्हरफ्लोच्या आत खोल खुपसलेली असेल, तर ती टाकीतलं पाणी ओढून घेऊ शकते. तिचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर, चिमट्यात धरलेलं असावं.

टाकीच्या बोल्टला मी हात लावला नाही, कारण चाचणीनं तिकडं बोट दाखवलंच नव्हतं. लावावा लागलाच, तर रबरी वायसर टाकीच्या आत बोल्टच्या डोक्याखाली येतो, धातूची चकती चिनी मातीला थेट टेकता कामा नये. दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीनं, हातानं घट्ट आणि वर पान्यानं अर्धा फेरा, एवढंच. अँगल कॉकपासून टाकीपर्यंत येणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटाला आत रबरी वायसर असतो, तिथं टेफ्लॉन टेप लागत नाही. टेपमुळं उलट नट तिरका चढतो.

शेवटची चाचणी झाकण लावून, कॉक बंद ठेवून, दहा तासांची केली. सकाळी झाकण उचललं तेव्हा पाणी टेपच्या कडेला टेकलेलं होतं आणि भांड्यात चिकटवलेला टिश्यू कोरडा होता. टेप काढून घेतली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं रिंगची तिन्ही मापं आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवली.