ओहायोचे सिंह पाचपाखाडीत

माझी उभी नोकरी पालिकेच्या मलनिस्सारण विभागात झाली, त्यामुळे स्टोनवेअरचा, म्हणजे कडक भाजलेल्या चकाकत्या मातीचा, पाईप मी अंधारातही हाताने ओळखीन. साइटवर माल उतरला की आम्ही हलक्या हातोडीने एकेक पाईप वाजवून घ्यायचो. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे, बाजूला काढायचा. आयएस ६५१ या भारतीय मानकातही ही परीक्षा आहे, पण आमचे मुकादम ती मानक न वाचताच करत आणि त्यांचा कान सहसा चुकत नसे.

लेक ओहायोत, कोलंबसला राहते. तिच्याकडे गेलो असताना जावई आम्हाला स्प्रिंगफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेऊन गेले. तिथे एका टेबलावर सिंह बसला होता. वीतभर उंच, गडद तपकिरी, आयाळीवर कसल्याशा टोकदार हत्याराने ओढलेल्या रेघा. रंग ओळखीचा, चकाकी ओळखीची. मी बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. आवाजही ओळखीचा! टेबलामागच्या बाईंनी सांगितलं, हा सांडपाण्याचे पाईप करणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराने केलेला आहे. तो सिंह मी तिथेच घेतला, आणि तेव्हापासून हे प्राणी जमवतो आहे.

अमेरिकेत या प्रकाराला ‘स्युअर टाईल’ (sewer tile), म्हणजे गटाराच्या पाईपच्या मातीचं काम, म्हणतात. पूर्व ओहायोत टस्करावास नदीच्या खोऱ्यात, युरिक्सव्हिलच्या आसपास, उत्तम चिकणमाती आणि जवळच दगडी कोळसा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरोशहरी भुयारी गटारं घालायचं काम निघालं आणि या भागात पाईपचे कारखाने उभे राहिले. दिवसभर पाईप काढायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी संपल्यावर उरलेल्या मातीचा गोळा घेऊन काहीतरी करायचं. सिंह, कुत्रा, बेडूक, कासव, घुबड, डुक्कर. बायकोसाठी, पोरांसाठी, शेजाऱ्यासाठी. दाराला टेकण म्हणून, बागेत ठेवायला म्हणून. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं.

मला यातली भट्टीची बाजू फार आवडते. या प्राण्यांसाठी वेगळी भट्टी नव्हती, ते पाईपांच्याच भट्टीत, पाईपांबरोबर भाजले जात. आच साधारण १२०० अंशांच्या घरात गेली की भट्टीत साधं मीठ टाकायचं. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला धरतं आणि मातीच्या अंगावरच काच तयार होते. वरून काही फासावं लागत नाही. मातीत लोह असल्यामुळे रंग तपकिरी येतो, आणि पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे पडतात. जिथे वाफ पोचत नाही तिथे काच धरत नाही. माझ्या सिंहाला उलटा केला की बूड उघडं आहे, आत हात घातला तर खरखरीत, कोरडी माती लागते. करणाऱ्याच्या बोटांचे ठसे तिथे अजून शाबूत आहेत. पाहुणे आले की मी त्यांना आधी सिंहाचं तोंड दाखवत नाही, बूड दाखवतो.

पोकळ करण्याचं कारणही साधं आहे. जाड मातीचा भरीव गोळा आतून नीट सुकत नाही, आणि ओल राहिली तर भट्टीत वाफ कोंडून तो फुटतो. पाईप करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

कुत्र्यांची गोष्ट निराळी. इंग्लंडात स्टॅफर्डशरला चिनी मातीचे स्पॅनिअल कुत्रे होत, गळ्यात साखळी आणि कुलूप, जोडीने शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे. ते अमेरिकेतल्या घरांत पोचले. ओहायोच्या कामगारांनी त्यांचे साचे घेतले आणि पांढऱ्या नाजूक कुत्र्याचा तपकिरी, जड, दांडगा कुत्रा झाला. माझ्याकडे असा एक आहे. साच्यातून काढल्यावर कोणीतरी त्याच्या कानांवरचे केस पुन्हा हाताने कोरले आहेत. एका कानावर दाट, दुसऱ्यावर विरळ. मला वाटतं सुट्टी संपल्याचा भोंगा झाला असावा.

नकलाही खूप निघतात. जुन्या प्राण्यावरून साचा काढून नवा केला तर तो मूळापेक्षा लहान होतो, कारण माती सुकताना आणि भाजताना आकसते. त्यामुळे मोजपट्टी जवळ ठेवावी. आणि कोरीव रेघा बोथट दिसल्या तर घेऊ नये, मग विकणारा काहीही सांगो.

अमेरिकन स्टोनवेअरच्या प्राण्यांत सर्वांत नावाजलेली डुकरं मात्र ओहायोची नाहीत. इलिनॉयमधल्या ॲना या गावी कॉर्नवॉल आणि वॉलेस कर्कपॅट्रिक या भावांची कुंभारशाळा १८५९ ते १८९६ अशी चालली. त्यांनी डुकराच्या आकाराच्या दारूच्या बाटल्या केल्या आणि डुकराच्या अंगावर रेल्वेचा नकाशा कोरला. नद्या आणि गावांची नावंसुद्धा. दारू ओतायचं भोक मागच्या बाजूला! याच भावांनी सापांनी वेढलेल्या सुरयाही (jug) केल्या. ही डुकरं आता संग्रहालयांत आणि मोठ्या लिलावांत असतात, माझ्या पेन्शनीत बसणारी नाहीत. त्याचं मला दुःख नाही. कर्कपॅट्रिक बंधू नाव कमावलेले कारागीर होते. माझा जीव जडला आहे तो पाईपवाल्यांवर, ज्यांतल्या बहुतेकांनी नावही कोरलं नाही.

सामानाच्या २३ किलोंत सिंह बसवायचा म्हणजे बाकी पुष्कळ सोडावं लागतं. हिने एकदा स्वतःच्या बॅगेतलं सामान काढून बेडकाला जागा करून दिली, तिच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून. तो बेडूक आमच्या बाल्कनीत असतो. ठाण्याचा पाऊस त्याच्या अंगावर पडतो आणि ओघळून जातो. पाणी न पिणारी माती आहे ती, त्याच कामासाठी निवडलेली.

नौपाड्यात रस्ता खोदताना जुनी स्टोनवेअरची लाइन निघालेली मी पाहिली आहे. पाईप इतके धड की वाजवल्यावर खणखणले. आता सगळीकडे प्लास्टिक आणि आरसीसी, आणि मिठाच्या भट्टीतून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर कोणालाच नको असतो, तेही बरोबरच.

पण एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. असे पाईप आपल्याकडेही झाले. जबलपूरला झाले, राणीगंजला झाले. तिथल्या भट्ट्यांवरही माणसं होती, त्यांनाही पाळी संपताना हातात मातीचा गोळा उरत असणार, घरी पोरं वाट पाहत असणार. मग तिथला एखादा नंदी, एखादा हत्ती, एखादी पोपटाची जोडी कुठे आहे? मला अजून एकही सापडलेली नाही. तुमचे आजोबा किंवा वडील अशा कारखान्यात असतील आणि घरात एखादा जड, तपकिरी, चकाकणारा प्राणी दाराला टेकण म्हणून पडला असेल, तर तो उलटा करून बघा. आत कोरडी माती आणि बोटांचे ठसे दिसले तर मला कळवा. मी बघायला येईन, कितीही लांब असो. विकत मागणार नाही.