जुलैतली अक्षी आणि बिस्किटांचा खोका

भर पावसात अलिबागला निघालो की घरचे वेड्यात काढतात. पण समुद्रपक्ष्यांसाठी हेच दिवस. मास्क्ड बूबी, सूटी टर्न ही मंडळी खुल्या समुद्रावर राहणारी, लांबच्या बेटांवर घरटी करणारी; एरवी आपल्या किनाऱ्याकडे फिरकत नाहीत. नैर्ऋत्येचं वारं चार दिवस घोंघावलं की त्यातली काही थकूनभागून कोकणात येऊन पडतात. म्हणून वारं जरा पडल्यावर निघालो.

गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. पनवेलहून एसटी धरा. वडखळच्या ट्रॅफिकबद्दल न बोललेलंच बरं.

ओहोटी लागली तसे अलिबागजवळच्या अक्षीच्या पुळणीवर उतरलो. इथे आकाशाकडे बघू नका, भरतीने टाकलेल्या कचऱ्याच्या रेषेवर नजर ठेवा. तासभर नुसत्या चपला, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे. मग एक कोळीण मावशी म्हणाली, "पोरांनो, तो बगा, बदकासारखा. उडत नाय."

मास्क्ड बूबीच! अजून पिल्लूपणातला. डोकं तपकिरी, पण मानेभोवती पांढरी पट्टी. ती नसती तर ब्राऊन बूबी लिहून मोकळा झालो असतो. चोचीच्या टोकाशी थेंब साचायचा, डोकं झटकलं की उडायचा. मित्राला वाटलं, सर्दी झालीय. ते अंगातलं जादा मीठ.

दोन पर्यटक त्याला "घरी सोडायला" लाटांत ढकलणार होते, त्यांना कसंबसं थांबवलं. थकलेला पक्षी पाण्यात बुडतो. चोच भाल्यासारखी, रोख थेट डोळ्यांवर. म्हणून मी ती बांधायला रबरबँड काढला. फोनवरचे पशुवैद्य ओरडलेच. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तो तोंडाच्या कडेने श्वास घेतो. चोच आवळली की गुदमरून मेला!

तेव्हा डोक्यावर टॉवेल टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, पाणी-मासे कोंबू नका आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. फोटो आधीच, लांबून: चोच, मान, पाठ. पंख तो स्वतः फडफडवेल तेव्हा टिपा, ओढून पसरू नका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंद करताना पक्षी थकून बसला होता हेही लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मजेत उडत होता.

खोका मात्र घरून न्या. भर पावसात कोरडा खोका शोधण्यात आमचा पाऊण तास गेला. शेवटी वाण्याने बिस्किटांचा दिला, वर झाकायला प्लॅस्टिकही.