पुष्पक पुन्हा उडण्याजोगं करताना

पुष्पक म्हणजे एचएएल या भारतीय विमान कंपनीचं दोन आसनी, कापडी पंखांचं विमान. एरॉन्का चीफ या छोट्या अमेरिकन विमानावर बेतलेलं, पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८. सुमारे १६० बनली, बहुतेक फ्लाइंग क्लबांत गेली. आमच्याकडचं आधी उघड्यावर, मग हँगरच्या कोपऱ्यात कित्येक पावसाळे उभं होतं. बघायला येणारा पहिलं विचारतो, "इंजिन चालू होतं का?" हा प्रश्न शेवटी घ्यायचा. तोवर प्रोपेलरला कुणी हात लावायचा नाही. सिलिंडरच्या भिंतींवर गंज असेल तर पिस्टनच्या कोरड्या रिंगा तो खरवडत जातात. शिवाय मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) ग्राउंड वायर तुटली असेल, तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते.

सुरुवात कापडापासून. नवं ग्रेड-ए सुती कापड इंचाला ८० पौंड ताण सोसतं. इतक्या हलक्या, मंद विमानाला ते ४६ पर्यंत उतरलं तरी चालतं. आमचं पंखाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबल्यावरच फाटलं, खालून मात्र ठणठणीत. ऊन वरून खातं, म्हणून चाचणी वरच्या बाजूलाच घ्यायची, तीही गडद रंगाच्या पट्ट्यावर.

कापड गेलं ते बरंच झालं, कारण खरं दुखणं आतच होतं. स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया, स्प्रूस लाकडाचे. त्यांत शोधायची ती दाबाची चीर: लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी, बहुधा स्ट्रटच्या (पंखाला खालून तोलणाऱ्या दांड्याच्या) जोडाजवळ, मजबुतीची जाड पट्टी जिथे संपते तिथे. पंख कधी जमिनीला टेकला असेल तर ती हमखास शोधा. टॉर्च समोरून मारली तर दिसत नाही. लाकडाला जवळजवळ समांतर धरायची. रिबचे (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांचे) खिळे सैल झालेत का तेही पाहा. बोल्टाभोवती काळा डाग म्हणजे ओल. बोल्ट काढून भोक तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सांगाडा पोलादी नळ्यांचा. शेपटीचं चाक खाली, म्हणून पाणी मागे साचतं आणि खालच्या नळ्या आतून गंजतात. वरचा रंग शाबूत असतो. टोकदार पंचने थोडं थोडं अंतर सोडून ठोकत जा. पंच आत धसला की तो तुकडा कापून स्लीव्ह (जोडनळी) घालून वेल्डिंग. आमच्या दोन नळ्या अशा निघाल्या. बंद करण्याआधी नळ्यांत जवसाचं तेल फिरवून निथळवलं.

नवं कापड पॉलिस्टरचं घेतलं. ते इस्त्रीने आवळतं: आधी १२० अंश सेल्सिअस, मग १५०, शेवटी १७५च्या आसपास. त्यापुढे गेलात तर ते सैल पडतं आणि परत ताणत नाही. इस्त्रीच्या बटणावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर लावा. कापडावरचा चंदेरी रंगाचा थर हात राखून देऊ नये, ऊन अडवतो तो तोच. अंधारात पंखाच्या आत दिवा धरायचा. उजेड झिरपला तर थर कमी पडलाय. मागच्या कडेला पाणी निथळायची भोकं विसरलात तर आतलं लाकूड सडेल.

आता इंजिन, कॉन्टिनेन्टल सी-९०. वरचे प्लग काढून सिलिंडरांत गंजरोधक प्रिझर्व्हेटिव्ह तेल सोडलं आणि बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक दुर्बिणीने) पाहिलं. या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या खाली, तेलाजवळ असतो, त्यामुळे तो त्यातल्या त्यात सुखरूप राहतो. तरी कॅमवर घासणारे टॅपेट काढून त्यांचे तळ पाहिलेच. पडून राहिलेले मॅग्नेटो कधी कधी गार असताना चांगले चालतात आणि वीस मिनिटांनी तापले की चुकू लागतात. तेव्हा कॉइल किंवा कंडेन्सर गेलेला असतो. दोन्ही सरळ ओव्हरहॉलला दिले.

इंधन इथे उतारावरून येतं, पंप नाही. म्हणून शेपूट खाली ठेवून कार्ब्युरेटरजवळ नळी सोडा आणि मोजा. पूर्ण शक्तीला ताशी २८ लिटर धरले, तर दीडपट म्हणजे ४२ हवेत: एक लिटर ८५ सेकंदांच्या आत. आम्हाला दोन मिनिटं लागत होती. जुनी रबरी नळी आतून फुगली होती. आणि रस्त्यावरचं ई-२० (इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यात चुकूनही नाही.

वजन-तोल आणि डीजीसीएचे (सरकारी विमान-नियामकाचे) कागद परवानाधारक इंजिनिअरच करतो; त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, झाकलेलं काम पुन्हा उघडावं लागत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना चाकांना ठोकळे, शेपूट दोराने बांधलेली, कॉकपिटमध्ये जाणता माणूस. तीस सेकंदांत तेलाचा दाब चढला नाही तर बंद. तासाभराने तेलाची जाळी काढा. काळी बारीक रेव असली तर कार्बन. चमकणारे कण चुंबकाला चिकटले, तर विमान हँगरमध्येच ठेवायचं.