समोर बसलं की चालतं, रिमोटने का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न मला सारखा येतो: "मॅकवर होमब्रू टाकलंय, टर्मिनलमध्ये ब्रू नीट चालतं, पण तेच एसएसएचने किंवा अन्सिबलमधून चालवलं की 'कमांड नॉट फाउंड', असं का?" (होमब्रू म्हणजे मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन आणि ब्रू ही त्याची कमांड; एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवायची सोय, आणि अन्सिबल तेच काम अनेक मशीनवर आपोआप करतं.)

आधी एक, ब्रू परत इन्स्टॉल करू नका. ते जागेवरच आहे, फक्त शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, त्याला भलतीकडे शोधतंय. टर्मिनल उघडलं की झेडशेल (मॅकचं नेहमीचं शेल) तुमची झेडप्रोफाइल ही सेटिंगची फाइल वाचतं आणि होमब्रूच्या पाथची (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची) ओळ आपण तिथेच टाकलेली असते, इन्स्टॉल संपताना तेच सांगितलेलं असतं ना. पण एसएसएचने नुसती एक कमांड पाठवली की ते लॉगिन शेल नसतं आणि इंटरअॅक्टिव्हही (समोर बसून टाइप करायचं) नसतं, मग झेडप्रोफाइल नाही, झेडएसएचआरसी नाही, अशा सेटिंगच्या फाइलींपैकी वाचलं जातं फक्त झेडएसएचएन्व्ह. पाथमध्ये उरतात सिस्टिमचे ठरलेले चार फोल्डर, आणि अॅपल सिलिकॉनवर ब्रू असतं /ऑप्ट/होमब्रू/बिन मध्ये. जुन्या इंटेल मॅकवर ते /यूएसआर/लोकल/बिन मध्ये, म्हणून एकच स्क्रिप्ट दोन्हीकडे लावताना हे बघाच.

खात्री करायची तर ज्या वाटेने अन्सिबल जातं त्याच वाटेने विचारा, म्हणजे एसएसएच, मशीनचं नाव आणि पुढे 'एको डॉलर पाथ', आणि हे सिंगल कोट्समध्येच! डबल कोट्स दिले तर तुमचंच शेल आधी ते उलगडतं आणि तुमच्याच लॅपटॉपचा पाथ समोर येतो, तो अगदी बरोबर दिसतो आणि माणूस चकतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीये.

उपाय म्हणाल तर मी प्लेबुकमध्ये, म्हणजे अन्सिबलच्या कामांच्या फाइलमध्ये, प्लेच्या (कामांच्या एका गटाच्या) पातळीवरच एन्व्हायर्नमेंट देऊन पाथ लिहितो, आधी होमब्रूचा फोल्डर आणि मागे कोलन देऊन त्या मशीनचा मूळ पाथ. मूळ पाथ फॅक्ट्समधून, म्हणजे अन्सिबल सुरुवातीला मशीनची जी माहिती गोळा करतं तिच्यातून येतो, तेव्हा गॅदर फॅक्ट्स बंद ठेवू नका. झेडएसएचएन्व्हमध्ये ओळ टाकूनही काम होतं, पण मला ते पटत नाही, नवीन मशीन आलं की ती ओळ तिथे नसतेच, प्लेबुक मात्र सगळीकडे तेच असतं.

उबुंटूवर गंमत वेगळी, तिथे बॅश या शेलची बॅशआरसी ही सेटिंगची फाइल वाचली जाते पण सुरुवातीलाच 'इंटरअॅक्टिव्ह नसेल तर परत फिर' असं लिहिलंय, आणि एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आपल्या ओळी टाकतं तळाला. तिथपर्यंत शेल पोचतच नाही. आणि सुडोने (अॅडमिनच्या अधिकाराने) चालवत असाल तर सुडोअर्स या सुडोच्या सेटिंगच्या फाइलमधला सिक्युअर पाथ बघा, तो असला की तुमचा पाथ बाजूला टाकून स्वतःचाच वापरतो.